नासा शुक्तिकांवरील शस्त्रक्रिया
नासागुहेच्या पार्श्वभित्तीवर शिंपल्याप्रमाणे वळलेल्या सामान्यतः तीन अस्थिमय वळ्या असतात, त्यांना शुक्तिका म्हणतात. त्यांपैकी अधःशुक्तिका सर्वांत मोठी असते. तिच्या श्लेष्मकलेत नीलांचे स्पंजासारखे जाळे असल्यामुळे ती रक्ताने फुगते व ओसरते. निरोगी माणसातही हा फुगवटा काही तासांच्या अंतराने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. ॲलर्जी, दीर्घकालिक नासाशोथ किंवा नाक मोकळे करणाऱ्या थेंबांचा अतिरेकी वापर यांमुळे फुगवटा कायमचा झाला की, नाक चोंदलेले राहते. औषधांनी गुण न आल्यासच शस्त्रक्रियेचा विचार करतात.

या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे किती काढावे आणि किती राखावे, या वादाचाच इतिहास होय. ब्रेस्लौ येथील मिडेलडॉर्फ यांनी १८५४ मध्ये विद्युत्‌दहनावरील ग्रंथ प्रसिद्ध केल्यानंतर तापलेल्या तारेने ऊतक जाळण्याची पद्धत रुळली. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनचा स्थानीय संवेदनाहारक गुण दाखवून दिला. कोकेन श्लेष्मकला बधिर करते, तसेच तिला आक्रसवतेही. त्यामुळे नाकातील शस्त्रक्रिया एकदम सुकर झाल्या. सुकरतेबरोबर उत्साह वाढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण शुक्तिका कापून टाकण्याची प्रथा पडली. त्यानंतर काही रुग्णांत कोरडेपणा, खपल्या व दुर्गंधी ही लक्षणे दिसू लागली. श्वासाबरोबर आलेली हवा उबदार व दमट करणे हे शुक्तिकेचे काम आहे, हे ध्यानात घेता यात नवल नव्हते.

किलिआन यांनी १९०४ मध्ये अस्थी न काढता ती बाहेरच्या बाजूस वळविण्याची रीत सुचविली. पुढे पृष्ठभाग शाबूत ठेवून श्लेष्मकलेखालील अस्थी व ऊतक काढण्याचे तंत्र विकसित झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शीतशस्त्रक्रिया, लेसर, फिरत्या पात्याची उपकरणे व रेडिओकंप्रता ऊर्जा ही साधने आली. त्यांतील पुष्कळशी मूळ प्रश्न न बदलता केवळ हत्यार बदलणारी होती.

संपूर्ण उच्छेदनाचे समर्थक १९८० नंतरही होते. १९९४ मध्ये कर्न व स्टेनक्विस्ट यांनी ‘रिक्त नासा लक्षणसमूह’ ही संज्ञा वापरली. यात नाक तपासणीत प्रशस्त दिसते, तरी रुग्णाचा श्वास कोंडतो. हवेचा प्रवाह जाणवणे हे श्लेष्मकला थंड होण्यावर व तेथील तंत्रिकाग्रांवर अवलंबून असते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. अशा रुग्णांच्या तक्रारी दीर्घकाळ केवळ मानसिक समजल्या गेल्या.

इटलीतील पासाली व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ३८२ रुग्णांवरील सहा पद्धतींची यादृच्छिक तुलना प्रसिद्ध केली. सहा वर्षांच्या निरीक्षणात श्लेष्मकलेखालील उच्छेदन व त्यासोबत शुक्तिका बाहेर वळविणे ही पद्धत सर्वांत सरस ठरली. गमावलेली शुक्तिका पूर्ववत करता येत नाही. रिक्त झालेली जागा उपास्थी वा अन्य रोपणाने अंशतः भरण्याचे प्रयत्न तेवढे होतात.