वांझपणाचा शिक्का आणि गोळीचा इतिहास

१७२१ सालीं इटालियन वैद्य अंतोनियो वाल्लिस्नेरी यांनीं एका तरुण, विवाहित व अंगानें कांहींशा स्थूल अशा शेतकरीण स्त्रीचें वर्णन लिहून ठेवलें. तिला मूल नव्हतें. तिचे बीजकोश पांढुरके, चकचकीत, उंचसखल व पारव्याच्या अंड्याएवढे होते. आज ज्याला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणतात, त्याचें हें जुनें चित्र म्हणून दाखविण्यांत येतें.

पुढें १९३५ सालीं शिकागोच्या इर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेन्थल यांनीं अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. बीजकोशाची पाचर कापून काढतांच सातहि जणींचा ऋतु पुन्हा सुरू झाला आणि त्यांपैकीं दोघींना दिवस गेले. हा शेवटचा तपशील वाचकांनीं लक्षांत ठेवावा. ज्यांना जगानें वांझ ठरविलें होतें, त्यांच्या ठायीं बीज होतें. तें वेळेवर सुटत नव्हतें, इतकेंच.

मग शस्त्राची जागा औषधानें घेतली. बोस्टनचे डॉ. जॉन रॉक यांनीं १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत मूल न होणाऱ्या ८० स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन हीं द्रव्यें दिलीं. औषध थांबविल्यावर चार महिन्यांत १३ जणी गर्भवती झाल्या! मौज अशी, कीं अपत्यासाठीं दिलेलें हेंच औषध, चालू असेतोंवर, बीज सुटूं देत नाहीं. एनोव्हिड ही गोळी अमेरिकेंत १९५७ सालीं मान्य झाली ती ऋतुविकारांवरील औषध म्हणून. संततिनियमनासाठीं मान्यता मिळाली १९६० सालीं.

आजचा घोटाळा या दुहेरी जन्मांतूनच उद्भवला आहे, असें आम्हांस वाटतें. ‘हॉर्मोन चालू आहे, मग गर्भाची शंका कसली?’ असें सुशिक्षित घरांतहि बोललें जातें. परंतु रोजची संयुक्त गोळी वेगळी आणि पाळी आणण्यासाठीं दहा दिवस दिलेलें प्रोजेस्टेरोन-जातीचें औषध वेगळें. हें दुसरें गर्भ रोखीत नाहीं. रोजची गोळीसुद्धां, माणसें जशी विसरत-आठवत घेतात तशी घेतल्यास, वर्षाला शंभरांत सुमारें ७ जणींना दिवस जातात. मेटफॉर्मिननें तर कित्येकींचें बीज पुन्हा सुटूं लागतें. आणि जिची पाळी तीन-तीन महिने येतच नाहीं, तिला ती चुकल्याचें कळावें कसें?

बाधेविषयीं म्हणाल, तर १९६० सालीं बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स यांनीं, गरोदरपणीं कृत्रिम प्रोजेस्टेरोन घेतलेल्या मातांच्या कांहीं मुलींत जननेंद्रियांची पुरुषी घडण नोंदविली. आजच्या गर्भनिरोधक गोळ्यांत मात्रा पुष्कळ कमी असते. आरंभीं नकळत घेतल्या गेल्या तरी जन्मजात व्यंगांचें प्रमाण वाढलेलें आढळत नाहीं. त्या मातेनें रात्रीं जागून काढूं नयेत. मात्र अंगावरील केसांसाठीं जोडीला दिलें जाणारें स्पायरोनोलॅक्टोन पुरुष-हॉर्मोनला अडवितें. पुरुष-गर्भाची घडण बिघडेल या धास्तीनें, तें घेत असतां खात्रीचें संततिनियमन हवें, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. आणि पाळी आणणारी गोळी लिहून देण्यापूर्वीं ते मूत्रपरीक्षा करावयास सांगतात, तेव्हां सासूबाईंनीं ‘हिला कसले दिवस जाणार!’ म्हणून ती टाळूं नये.