प्रीती आणि अप्रीती : १८९७ चा हीरक महोत्सव

२२ जून १८९७ ही तारीख मराठी वाचकाला रँडच्या वधाची तारीख म्हणून ठाऊक आहे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या १९७९ च्या चित्रपटाला त्या तारखेखेरीज वेगळ्या शीर्षकाचीही गरज भासली नाही. मात्र त्या रात्री रँड गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये कशासाठी गेला होता, हे आपण एका वाक्यात सांगून पुढे जातो : व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता, मेजवानी होती. या लेखात आम्हांला त्या वाक्यापाशीच थांबायचे आहे. महोत्सव ही त्या घटनेची केवळ पार्श्वभूमी नव्हती, असे आम्हांला वाटते.

प्रथम शब्द पाहू. 'ज्युबिली' हा शब्द मूळ हिब्रू भाषेतला. बायबलच्या जुन्या करारात दर पन्नासाव्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग फुंकून हे वर्ष घोषित करावे, गुलामांना मोकळे करावे आणि गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत द्यावी, अशी आज्ञा आहे. म्हणजे ज्युबिली हा मुळात सुटकेचा सण; त्यात देण्याचे दायित्व बलवंतावर असते. राजेशाहीने हा शब्द उचलला तेव्हा सुटकेच्या जागी स्तुती आली. तरी जुन्या अर्थाचा धागा पुरता तुटला नाही. १६ फेब्रुवारी १८८७ रोजी हिंदुस्थानात सुवर्णमहोत्सव साजरा झाला, तेव्हा कैद्यांना सोडण्यात आले. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट त्याच वर्षी उभी राहिली, आणि बोरीबंदरच्या नव्या स्थानकाला राणीचे नाव मिळाले तेही याच निमित्ताने.

महोत्सवाच्या काळात गावोगावच्या सभा-संस्था मानपत्रे देत असत. हा वाङ्मयप्रकार आपण अभ्यासक्रमात कधी घेत नाही. त्यातील स्तुतीची भाषा आजच्या वाचकाला लाचार वाटते. परंतु हा प्रकार दुहेरी होता. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया 'कैसर-इ-हिंद' झाली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादीच्या वेषात तेथे उपस्थित होते. सभेच्या मानपत्रात राणीचे अभीष्टचिंतन तर होतेच. पण हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा, ही मागणीही होती. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने समान वागणुकीचे वचन दिले होते. त्या वचनाची आठवण देण्याची संधी म्हणजे मानपत्र. प्रेम व्यक्त करावयाचे आणि त्याच कागदावर येणे मांडावयाचे, असा हा व्यवहार होता.

१८९७ मध्ये हा व्यवहार मोडला. आदल्या वर्षी पाऊस फसल्याने दख्खनमध्ये दुष्काळ होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे आले. मार्चपासून गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली. ते स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले. सामान जाळले गेले, माणसे उचलून छावणीत नेली गेली. मे महिन्यात ही मोहीम आवरली आणि जूनमध्ये त्याच शहरात आनंदोत्सवाची तयारी सुरू झाली. ज्या घरातून प्रेत नुकतेच निघाले आहे, त्या घराने दारात पणती लावावी, अशी ही अपेक्षा होती.

त्याच महिन्यात पुण्यात दुसऱ्या एका राज्यारोहणाचेही स्मरण झाले. शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही पद्यरचना १५ जूनच्या 'केसरी'त आली. बरोबर आठवड्याने, मेजवानीहून परतताना, दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला.

यापुढचा भाग साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष पाहावा असा आहे. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. आरोप वधाचा नव्हता, लेखनाचा होता. मुंबईच्या हायकोर्टात मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर आणि शब्दांचे अर्थ यांवर काथ्याकूट झाला. कलम १२४-अ मधल्या ज्या शब्दाला मराठीत 'अप्रीती' म्हणतात, त्याचा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी प्रीतीचा अभाव असा लावला. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढील वर्षी, १८९८ मध्ये, या कलमाची व्याप्ती कायद्यानेच वाढवण्यात आली.

हे दोन प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे. जूनमध्ये प्रजेने प्रेम दाखवावे म्हणून रोषणाई केली गेली. सप्टेंबरमध्ये प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला. महोत्सव आणि खटला ही एकाच अपेक्षेची दोन रूपे होती. मानपत्रात प्रेम निदान प्रजेच्या हातचे होते. ते देताना तिला अटी घालता येत होत्या. न्यायालयाने ते करासारखे वसूल करावयाचे ठरवले, आणि त्या दिवसापासून मानपत्राच्या भाषेतील प्रामाणिकपणा संपला. ज्या प्रेमाला नकार देण्याची मुभा नाही, त्याच्या उच्चाराला अर्थ तरी काय उरणार?

गणेशखिंडीची ती वास्तू १९४९ पासून पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. बोरीबंदरच्या स्थानकाचे नाव १९९६ मध्ये बदलले, माटुंग्याच्या संस्थेचे त्यानंतर वर्षभराने. नावे बदलणे तुलनेने सोपे असते. 'अप्रीती'चे कलम मात्र स्वातंत्र्यानंतरही दंडसंहितेत राहिले; ती संहिता १ जुलै २०२४ रोजी मागे पडली. राजाची असो वा लोकांची, प्रत्येक सत्तेला आपले महोत्सव हवेसे वाटतात. अशा वेळी लिहिल्या जाणाऱ्या गौरवाच्या मजकुरात येणे मांडायला जागा उरली आहे की नाही, एवढे वाचकाने तपासावे.