थर्मासभर सूप आणि मिस्टर फ्रीज

7 सप्टेंबर 1992 रोजी अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर, मुलांसाठी राखलेल्या वेळात, ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरीज’चा ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग लागला. मालिका सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. जाहिराती वगळल्या तर भाग बावीस-एक मिनिटांचा. पण तेवढ्या वेळात तीन दशकं अडगळीत पडलेल्या एका खलनायकाचं भाग्य पालटलं.

या खलनायकाचा जन्म 1959 मधला. बॅटमॅन मासिकाच्या 121 व्या अंकात तो आला तेव्हा त्याचं नाव होतं मिस्टर झीरो. बर्फाच्या बंदुकीचा प्रयोग फसला आणि थंडीबाहेर जगणं त्याला अशक्य झालं, एवढीच त्याची कथा. 1966 च्या बॅटमॅन मालिकेने त्याचं ‘मिस्टर फ्रीज’ असं नामकरण केलं. तिथे जॉर्ज सँडर्स, ओटो प्रेमिंजर आणि एली वॉलॅक या तीन नामवंतांनी त्याची भूमिका केली. माणसं मोठी, पात्र मात्र हसण्यावारी नेण्याजोगं. दरोडा घालावा, चार विनोद करावेत आणि मार खाऊन तुरुंगात जावं, याहून त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती.

कार्टूनकडूनही नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पालकांनी टीव्हीवरच्या मारामारीविरुद्ध आवाज उठवला. 1968 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पालकांनी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटनाच काढली. वाहिन्यांनी हात आखडता घेतला. 1973 मध्ये आलेल्या ‘सुपर फ्रेंड्स’मध्ये सुपरमॅन-बॅटमॅन होते, पण ठोसे जवळजवळ नव्हतेच. जग वाचवायचं, तेही कुणाला फारसं न दुखावता, हा तिथला शिरस्ता.

टिम बर्टनच्या 1989 च्या चित्रपटाने गल्ला भरला तेव्हा वॉर्नर कंपनीला बॅटमॅनची कार्टून मालिका काढावीशी वाटली. ब्रूस टिम आणि एरिक राडोम्स्की या दोघांनी एक छोटी नमुनाफीत करून दाखवली आणि काम त्यांच्याकडे आलं. राडोम्स्कीने पार्श्वभूमीची चित्रं पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवायला लावली. आधी अंधार आणि मग त्यातून उजेडात येणाऱ्या इमारती, असं बॅटमॅनचं गॉथम शहर मुलांच्या टीव्हीने तोवर पाहिलं नव्हतं. वाहिनीची बंधनं होतीच. दारू, सिगारेट, गळा दाबणं, लहान मुलाचा जीव धोक्यात घालणं, काय काय दाखवायचं नाही याची यादी लांबलचक. ब्रूस टिमने वैतागून हे सगळे निषिद्ध प्रकार एकाच चित्रात कोंबून ठेवले. ते चित्र पुढे मालिकेइतकंच गाजलं.

‘हार्ट ऑफ आइस’ लिहिला पॉल डिनीने, दिग्दर्शन टिमचं. फ्रीजचं नवं रूप माइक मिग्नोलाने रेखाटलं. ‘हेलबॉय’चा जनक म्हणून त्याचं नाव व्हायला अजून अवकाश होता. डिनीने फ्रीजला आधी एक नाव दिलं, व्हिक्टर फ्राइस, आणि मग एक बायको दिली, नोरा. ती असाध्य आजाराने खंगलेली. औषध सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवायचं म्हणून शास्त्रज्ञ फ्राइस कंपनीच्या प्रयोगशाळेत गुपचूप धडपडतो. मालक फेरिस बॉइलला दिसतो तो फक्त खर्च. तो प्रयोग बंद पाडतो आणि विनवणी करणाऱ्या फ्राइसला लाथ मारून रसायनांत ढकलतो. बॅटमॅन हे सारं एका व्हिडिओ टेपवर पाहतो, आणि त्याच्याबरोबर पाहणाऱ्यालाही खरा गुन्हेगार कोण ते कळतं. त्याच बॉइलला पुढे मानवसेवेचा पुरस्कार मिळतो, हा डिनीचा तिरकस चिमटा.

फ्रीजचा आवाज मायकल अन्सारा यांचा. त्यांनी भावना पार काढून टाकून, यंत्रासारख्या सपाट सुरात बोलावं, असा टिमचा आग्रह होता. रडू न शकणाऱ्या माणसाचं दुःख त्या कोरडेपणातच ऐकू येतं. बॉइलचा आवाज मार्क हॅमिलचा. या मालिकेतलं त्याचं हे पहिलं काम. त्यानंतर जोकर त्याच्याकडे आला आणि पुढची अनेक वर्षं त्याच्याकडेच राहिला.

एवढ्या गंभीर कथेत बॅटमॅनला सर्दी झालेली आहे. त्याचा बटलर आल्फ्रेड त्याला गरम चिकन सूपचा थर्मास बरोबर देतो, आणि शेवटच्या झटापटीत बॅटमॅन तोच थर्मास फ्रीजच्या शिरस्त्राणावर आपटतो. गारठलेल्या काचेवर एकदम गरम सूप पडतं, काच तडकते आणि खलनायक कोसळतो. ना बंदूक, ना रक्त. वाहिनीचे नियम पाळूनही लढत रंगवता येते, याचा याहून नेमका दाखला नाही. नोराचा मृत्यूही गृहीत धरलेला, पडद्यावर दाखवलेला नाही. म्हणूनच 1994 च्या ‘डीप फ्रीज’ या भागात ती गोठलेल्या अवस्थेत सापडते, तेव्हा कथेला कुठे ठिगळ लागत नाही.

1993 मध्ये मालिकेच्या लेखनाला डेटाइम एमी मिळालं. पण खरी पावती मूळ मासिकांनी दिली. एरवी कार्टूनवाले कॉमिक्सकडून उचलतात. इथे उलटं झालं. डिनीचा फ्राइस आणि त्याची नोरा कॉमिक्समध्ये रुजली. 1997 च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये अरनॉल्ड श्वार्झनेगरनेही तीच कहाणी पांघरली, जरी चित्रपटाने तिचा पार खेळखंडोबा केला. 2012 मध्ये कॉमिक्सने नोरा ही त्याची बायको नव्हतीच, ते सारं त्याच्या मनाचे खेळ होते, असं सांगून पाहिलं. अनेक वाचकांना ते रुचलं नाही, आणि काही वर्षांतच नोरा पुन्हा त्याची बायको झाली.