फॅनझीन

एखाद्या वाङ्मयप्रकाराचे, संगीताचे, खेळाचे किंवा मालिकेचे चाहते पदरमोड करून, नफ्याची अपेक्षा न धरता स्वतःच लिहितात, छापतात आणि वाटतात ते नियतकालिक. ‘फॅन’ आणि ‘मॅगझीन’ यांच्या जोडणीतून झालेला हा शब्द अमेरिकेतील विज्ञानकथाप्रेमी लुई रसेल शोव्हने यांनी ऑक्टोबर १९४० मध्ये आपल्या ‘डीटूर्स’ या अंकात प्रथम वापरला. त्याआधी अशा अंकांना ‘फॅनमॅग’ म्हणत. व्यावसायिक मासिकांना त्याच धर्तीवर ‘प्रोझीन’ हे नाव पडले.

फॅनझीनचा उगम शोधायचा तर तो वाचकांच्या पत्रव्यवहारात सापडतो. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले आणि त्यात वाचकांची पत्रे पत्रलेखकाच्या पूर्ण पत्त्यासह छापायला सुरुवात केली. या छापील पत्त्यांनी मोठे काम केले. लहान गावात एकट्याने या कथा वाचणाऱ्या मुलाला आपल्यासारखे आणखी कोण आहेत, हे कळले. वाचक मासिकाला वगळून परस्परांना लिहू लागले, त्यातून मंडळे निघाली आणि मंडळांनी आपापले अंक काढले. मे १९३० मध्ये शिकागोच्या ‘सायन्स करस्पॉन्डन्स क्लब’ने काढलेला ‘द कॉमेट’ हा पहिला फॅनझीन मानतात. रेमंड पामर त्याचे संपादक होते. न्यूयॉर्कहून १९३२ मध्ये निघालेल्या ‘द टाइम ट्रॅव्हलर’मागे मॉर्ट वाइसिंगर आणि ज्युलियस श्वार्त्झ होते, दोघेही पुढे कॉमिक्सच्या व्यवसायातले मातब्बर संपादक झाले. क्लीव्हलंडमधील जेरी सीगल आणि जो शुस्टर या शाळकरी मित्रांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अंकात जानेवारी १९३३ मध्ये ‘सुपरमॅन’ नावाचे पात्र आले. तो त्या कथेतला खलपुरुष होता. आज जगाला ठाऊक असलेला सुपरमॅन १९३८ मध्ये अवतरला, पण त्याच्या नावाचा पहिला उच्चार या घरगुती अंकातला आहे.

हे अंक निघू शकले ते स्वस्त प्रतिमुद्रणामुळे. हेक्टोग्राफमध्ये विशिष्ट शाईने लिहिलेला कागद सरसासारख्या जिलेटिनच्या थरावर दाबून शाई त्यात उतरवत आणि त्यावर कोरे कागद ठेवून प्रती काढत. पन्नासेक प्रतींनंतर जांभळी अक्षरे विरून जात. मिमिओग्राफ म्हणजे आपल्याकडचे सायक्लोस्टाइल यंत्र अधिक दणकट. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टंकलेखन यंत्राने अक्षरे कोरायची, रुळावर शाई चढवायची आणि दांडा फिरवायचा. प्रश्नपत्रिका आणि संघटनांची पत्रके यांमुळे आपल्या मागच्या पिढीला या शाईचा वास परिचित आहे. स्टेन्सिलवर चूक झाली तर ती लाखेसारख्या द्रवाने बुजवून पुन्हा टंकावी लागे. चित्र काढायचे तर टोकदार लेखणीने मेण खरवडावे लागे. फॅनझीनचे ओबडधोबड रूप या श्रमातून आले आहे आणि ते त्याचे वैगुण्य समजणे चूक आहे.

व्यवहाराची रीत याहून महत्त्वाची. बहुतेक विज्ञानकथा-फॅनझीनवर किंमत नाममात्र असे. अंकाबद्दल सविस्तर पत्र लिहिणाऱ्याला, लेख वा चित्र देणाऱ्याला किंवा आपला अंक बदली पाठवणाऱ्याला तो फुकट मिळे. पत्रांचे सदर अनेकदा सर्वांत लांब असे. १९३७ मध्ये डोनाल्ड वोल्हाइम यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘फॅन्टसी अ‍ॅमेच्युअर प्रेस असोसिएशन’ने ही रीत पक्की केली. प्रत्येक सभासदाने आपल्या अंकाच्या ठरावीक प्रती एका ठिकाणी पाठवायच्या, तिथे त्यांचे गठ्ठे बांधले जायचे आणि प्रत्येकाला एकेक गठ्ठा परत यायचा. अशा मंडळीत निव्वळ वाचक कोणी उरतच नाही. साहित्यिक लघुनियतकालिक आणि फॅनझीन यांतला खरा भेद मला इथे दिसतो. लघुनियतकालिक वाचक शोधते, फॅनझीनला उत्तर देणारा हवा असतो.

पुढचे व्यावसायिकही या अंकांतून घडले. विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी यांनी १९३९-४० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘फ्यूचुरिया फँटाझिया’चे चार अंक काढले. ब्रिटनमधील ‘नोव्हे तेरे’ या फॅनझीनचे नाव १९३९ मध्ये ‘न्यू वर्ल्ड्स’ झाले आणि युद्धानंतर त्याच नावाने महत्त्वाचे व्यावसायिक मासिक उभे राहिले. १९५५ पासून विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारांत फॅनझीनसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे.

सुरुवातीच्या मंडळांत पुरुषांचाच भरणा होता. हे चित्र ‘स्टार ट्रेक’ मालिकेने पालटले. तिच्यावरचा ‘स्पॉकॅनालिया’ हा पहिला फॅनझीन सप्टेंबर १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन तरुणींनी काढला. पुढच्या दशकात मालिकेतील पात्रांवर वाचकांनी रचलेल्या नव्या कथांचे जाड अंक निघाले. त्यांचे लेखन-संपादन प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होते. आज फॅन फिक्शन म्हणून ओळखले जाणारे लेखन या अंकांत घडले, त्याचे श्रेय या स्त्रियांना क्वचितच मिळते.

संगीताकडे ही प्रथा विज्ञानकथेच्या चाहत्यांनीच नेली. ‘क्रॉडॅडी’ हे रॉक संगीताची गंभीर समीक्षा करणारे नियतकालिक १९६६ मध्ये सुरू करणारे पॉल विल्यम्स मूळचे विज्ञानकथा-फॅनझीनवाले. पण फॅनझीन हा शब्द घरोघरी नेला पंक संगीताने. लंडनमध्ये बँकेत कारकून असलेल्या मार्क पेरी यांनी जुलै १९७६ मध्ये ‘स्निफिन ग्लू’ काढला. रामोन्स या गायकवृंदाच्या गाण्यावरून नाव घेतले, मजकूर टंकलेला, मथळे स्केचपेनने हाताने लिहिलेले, पाने फोटोकॉपी करून कोपऱ्यात टाचलेली. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ५०. वर्षभरात खप हजारांत गेला. खाडाखोड तशीच ठेवण्यामागे आळस नव्हता. हे तुलाही जमेल, असे वाचकाला सांगणारी ती खूण होती. स्वतःचा अंक काढा, असे पेरी उघडपणे सांगत आणि इंग्लंडभर तसे अंक निघालेही. ‘साइडबर्न्स’ या दुसऱ्या फॅनझीनने १९७७ मध्ये गिटारच्या तीन स्वरसंगतींच्या आकृत्या काढून वाचकाला गायकवृंद काढायला सांगितले. ते पान पुष्कळदा चुकून ‘स्निफिन ग्लू’च्या नावे सांगितले जाते. बारा अंकांनंतर, १९७७ मध्येच, लोकप्रियता शिगेला असताना पेरी यांनी अंक बंद केला.

१९८० च्या दशकात ब्रिटिश फुटबॉलप्रेमींनी हीच वाट धरली; १९८६ चा ‘व्हेन सॅटर्डे कम्स’ आजही मासिक म्हणून निघतो. अमेरिकेत माइक गंडरलॉय यांच्या ‘फॅक्टशीट फाइव्ह’ने १९८२ पासून शेकडो अंकांची परीक्षणे पत्ते आणि किमतींसह छापली. गर्न्सबॅकच्या पत्त्यांनी केलेले काम या पानांनी पुन्हा केले. १९९१ च्या सुमारास ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन येथे ‘रायट गर्ल’ चळवळीतील तरुणींनी ‘बिकिनी किल’सारख्या अंकांतून अत्याचार, शरीर आणि संगीतातील पुरुषी मक्तेदारी यांवर मोकळेपणे लिहिले. विषय चाहतेपणाच्या पलीकडे गेले तसा शब्दातला ‘फॅन’ गळून नुसता ‘झीन’ उरला.

मराठीतील अनियतकालिके फॅनझीन नव्हेत, पण साधने आणि जिद्द तीच. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी १९५० च्या दशकात काढलेला ‘शब्द’ सायक्लोस्टाइल केलेला होता. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’ आणि इतर अंक आले आणि प्रस्थापित मासिकांनी न छापलेले लेखन वाचकांपर्यंत गेले.

हे सारे अंक टिकवणे मात्र कठीण. सायक्लोस्टाइलचा स्वस्त कागद आम्लयुक्त असतो. काही दशकांत तो पिवळा पडून तुकडे होऊ लागतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने रस्टी हेव्हलिन यांनी आयुष्यभर जमवलेले सुमारे १०,००० फॅनझीन सांभाळले असून त्यांच्या प्रतिमा घेण्याचे काम केले आहे. न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजच्या ग्रंथालयात झीनचा स्वतंत्र संग्रह आहे. आपल्याकडचे असे अंक माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाटात आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला दाखवावेत.