दिलेला शब्द आणि लिहिलेली यादी

विवाहापूर्वी किंवा विवाहानंतर पतिपत्नींनी आपापल्या मालमत्तेविषयी करार करावा, असा विषय निघाला की आपल्याकडे दोन आक्षेप हमखास घेतले जातात. हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, हा पहिला; आणि विवाह हा संस्कार आहे, सौदा नव्हे, हा दुसरा. दोन्ही आक्षेप परंपरेच्या नावाने घेतले जातात. म्हणून ती परंपरा ज्या गावी विषयवार लावून छापली गेली, त्या वाईपासूनच सुरुवात केलेली बरी.

नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी कृष्णाकाठच्या या गावी प्राज्ञपाठशाळा उभारली. तिथेच त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली धर्मकोशाचे काम सुरू झाले. त्यातले व्यवहारकांड 1937 पासून प्रसिद्ध होऊ लागले. एकेका विषयावरची श्रुती, सूत्रे, स्मृती आणि त्यांवरील टीका यांतली वचने कालानुक्रमे मांडायची, अशी या कोशाची पद्धत. या मांडणीचा परिणाम संपादकांच्या विद्वत्तेपेक्षाही दूरगामी आहे. ‘शास्त्र असे सांगते’ या एकवचनी विधानाला तिथे आधारच उरत नाही. शास्त्र अनेक मुखांनी, अनेक शतके बोलत आले आहे आणि बोलता बोलता बदललेही आहे, हे पानोपानी दिसते.

स्त्रीधनाचा विषय याचे उत्तम उदाहरण आहे. मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले: विवाहाग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, प्रीतीने दिलेले आणि माता, पिता, बंधू यांच्याकडून आलेले. याज्ञवल्क्याने त्यात आधिवेदनिकाची भर घातली. पतीने दुसरी पत्नी केली तर पहिलीला द्यावयाचे हे धन. मात्र दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास अशा प्रसंगी पतीने स्त्रीधन वापरले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, अशी सवलतही याज्ञवल्क्याचीच.

कात्यायन याच्या बराच पुढे जातो. त्याची स्मृती अखंड स्वरूपात उपलब्ध नाही; निबंधकारांनी उद्धृत केलेली तिची वचने गोळा करून पां. वा. काणे यांनी ती 1933 मध्ये सिद्ध केली. पती, पुत्र, पिता, बंधू यांपैकी कोणालाही स्त्रीधन घेण्याचा वा देऊन टाकण्याचा अधिकार नाही, असे कात्यायन बजावतो. बळाने घेतले तर व्याजासह परत करावे लागेल; तिच्या संमतीने घेतले तर ऐपत आल्यावर मुद्दल तरी फेडावे लागेल. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे आणखी एक वचन सर्वांत मोलाचे आहे. पतीने पत्नीला जे धन देऊ केले आणि देण्यापूर्वी तो मरण पावला, ते त्याच्या मुलांनी ऋण मानून फेडावे, असे तो सांगतो. पतीने पत्नीला दिलेला शब्द हे कर्ज आहे, ही कल्पना कराराच्या कल्पनेपासून फार दूर नाही. तेव्हा संस्कार आणि आर्थिक बंधन यांचे वैर निदान कात्यायनाला तरी ठाऊक नव्हते.

पण याच वचनाला एक अट जोडलेली आहे. पत्नी पतीच्या कुळात राहत असेल, माहेरी नाही, तरच हे देणे लागू होते. इथे या परंपरेची मर्यादा उघडी पडते. पत्नीला संरक्षण आहे. पण त्याच्या अटी ठरवताना ती बोलणाऱ्यांत नाही.

शास्त्राच्या पोथीबाहेर, सातारा-सांगलीकडच्या लग्नाच्या बैठकीतही हेच दिसते. सुपारी फुटण्यापूर्वी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात आणि ‘यादी’ होते: सोने किती, मानपान कोणाचा, कार्यालयाचा खर्च कोणाकडे. कागदाला हळदकुंकू लागते, सह्या होतात. हाही विवाहपूर्व आर्थिक करारच आहे. फक्त तो पतिपत्नींमधला नसून दोन घरांमधला आहे. संस्काराचा हवाला देणारे या कागदाला सौदा म्हणत नाहीत. मुलीने स्वतःसाठी काही लिहून मागितले, म्हणजे मगच त्यांना सौदा आठवतो.

इंग्रजी न्यायालयांनीही ही कोंडी फोडली नाही. पत्नीला तिच्या आईच्या घरातून कधी नेणार नाही, असे विवाहापूर्वी कबूल केलेल्या पतीचा करार कलकत्ता उच्च न्यायालयाने 1901 मध्ये हिंदू कायद्याच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरवला. पत्नीचे स्थान पतिगृही, ही कात्यायनाची अट नव्या भाषेत तशीच राहिली.

वेगळी वाट गोव्यात सापडते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून तिथे आलेल्या कायद्याप्रमाणे विवाहापूर्वी दस्तऐवज करून मालमत्तेची व्यवस्था निवडता येते; तसा दस्तऐवज नसेल तर मालमत्ता सामान्यतः दोघांची सामाईक मानली जाते. मुसलमान समाजातील निकाहातही मेहर हा पत्नीचा करारसिद्ध हक्क आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या शेजारी आणि खुद्द महाराष्ट्रातही विवाह आणि करार एकत्र नांदत आलेले आहेत.

हिंदू विवाहात वधूची सही कागदावर आली ती हुंडाबंदीच्या निमित्ताने. 1985 च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची आणि तिच्यावर वधू-वर दोघांनी सही करायची. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पतीकडे सोपवलेले स्त्रीधन पत्नीचेच राहते आणि ते परत न करणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. मात्र लग्नघरी अशी यादी करू म्हणणे आजही अशुभ वाटते. बैठकीतली यादी मात्र शुभ!

परंपरेकडे काय मागायचे, हे आपण ठरवायचे असते. वाईच्या कोशाने वचने समोर ठेवली. त्यांतून निवड करण्याची जबाबदारी वाचकावर सोडली. पतीचा शब्द हे ऋण आहे, एवढे कात्यायनाकडून घ्यावे. ऋणाचा कागद मात्र धनको आणि ऋणको या दोघांनी बसून लिहायचा असतो. त्यातल्या एकाला माजघरात बसवून नव्हे.