परवाना आहे, तरी बंदूक गाडीत का?

सिंधुदुर्गात रानडुकरं आणि माकडांपासून भात, नारळ, काजू राखायला शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना काढण्याची रीत जुनी आहे. ती बंदूक गाडीत दिसली की पोलीस हटकतात आणि परवानाधारक दुखावतो. या रागाला इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसावर परवान्याची सक्ती केली, गोऱ्यांना मात्र सूट मिळाली. १९५९च्या कायद्याने हा भेद पुसला, संशय मात्र ठेवला. कलम १९नुसार पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. कलम २० त्याही पुढे जातं: परवाना असो वा नसो, शस्त्र नेण्याच्या रीतीवरून गैरवापराचा रास्त संशय आला तर विनावॉरंट अटक. म्हणजे नुसता कागद पुरत नाही.

यात गरीब शेतकरीच भरडला जातो, असं कुणी म्हणेल. पण शेत राखायला मिळालेली बंदूक मध्यरात्री रानवाटेवरच्या गाडीत कशाला, हा प्रश्न शिकारीवर बंधनं घालणाऱ्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अवाजवी कसा ठरेल? आक्षेप खरा ठरतो तो निवडणुकीत, परवान्याची शस्त्रं सरसकट जमा करून घेतली जातात तेव्हा. शस्त्रं जमा करण्याआधी छाननी समितीने प्रत्येक परवाना तपासावा, असं निवडणूक आयोगच सांगतो. नाक्यावरची चौकशी रास्त आहे. सरसकट जप्ती नाही.