विमानाचा जीर्णोद्धार

ओझरचा कारखाना हाकेच्या अंतरावर असल्यामुळें नाशिककरांस विमान ही अपूर्वाईची वस्तु उरलेली नाहीं. परंतु एखादें जुनें, मोडकळीस आलेलें विमान विकत घ्यावें, तें नव्यासारखें करवून घ्यावें आणि समुद्र व वाळवंटें ओलांडीत उडवीत घरीं आणावें, हें मात्र नाशकांतहि नवलच गणलें जाईल.

असें एक विमान २०१८ सालीं आपल्या देशांत आलें. तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील डाकोटा. खासदार राजीव चंद्रशेखर यांनीं तें २०११ सालीं घेतलें. त्यांचे वडील वायुसेनेंत डाकोटाचे वैमानिक होते. विमान वायुसेनेस देण्याच्या त्यांच्या इच्छेस आरंभीं नकारच मिळाला. पुढें गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असतांना ही देणगी स्वीकारण्याचें ठरलें. दुरुस्तीचें काम इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें झालें, आणि १७ एप्रिल रोजीं विमान तेथून निघालें. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे मुक्काम करीत २५ एप्रिलला तें जामनगरला उतरलें. आजचें प्रवासी विमान जें अंतर एका रात्रींत कापतें, त्याला नऊ दिवस! डाकोटाचा कक्ष हवाबंद नसतो, म्हणून त्यास फार उंच जातां येत नाहीं. तापलेल्या वाळूवरून वर येणाऱ्या हवेचे हेलकावे सोशीतच तें चालतें. अशा विमानांत बसणारास खालचा भूगोल पाठ होत असला पाहिजे.

त्याचें नांव ठेविलें ‘परशुराम’, आणि अंगावर क्रमांक घातला व्ही. पी. ९०५. या क्रमांकाचें डाकोटा २७ ऑक्टोबर १९४७ च्या कामगिरींत होतें. त्या दिवशीं पहिल्या शीख पलटणीचे जवान विमानांनीं श्रीनगरच्या कच्च्या धांवपट्टीवर उतरले. त्यांचे नायक दिवाण रणजित राय त्याच दिवशीं कामास आले. आतां खरें सांगावयाचें तर कॉव्हेंट्रीहून आलेलें विमान तें नव्हे. क्रमांक एकाचा, कुडी दुसऱ्याची. कागदपत्रांत मुरलेल्या इतिहासकारास हें खटकेल. मलाहि प्रथम खटकलें. पण त्र्यंबकेश्वरीं आपण हात जोडतों तें देऊळ नानासाहेब पेशव्यांनीं जुन्याच्या जागीं नवें बांधविलेलें आहे. कोणता दगड मूळचा, हें कोणी यात्रेकरू विचारीत नाहीं. जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेंत उगीच नाहीं.

माझी तक्रार निराळी आहे. जीर्णोद्धार करणारे हात परक्यांचे कां असावे?

कारण हें काम आपल्याला येत होतें. महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर लिबरेटर नांवाचीं चार इंजिनांचीं बाँबफेकी विमानें पडून होतीं. इंग्रजांनीं जातांना तीं कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून त्यांची जाणूनबुजून नासधूस केली होती. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें तीं उठविण्याचें मनावर घेतलें. एका विमानाचा भाग दुसऱ्यास बसवून तीं कशींबशीं उडण्याजोगीं करावयाचीं, आणि कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तीं बंगलोरला न्यावयाचीं, असा क्रम चालला. अंतर सुमारें दीड हजार किलोमीटर! अशीं बेचाळीस विमानें त्यांनीं नेलीं. परदेशांत ज्या प्रवासाचा सोहळा होतो, तो येथें बेचाळीस वेळां झाला, आणि आमच्या मुलांना मुन्शींचें नांवहि ठाऊक नाहीं. १९४८ च्या नोव्हेंबरांत पहिलीं विमानें वायुसेनेच्या हातीं आलीं. पुढें पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रननें अशींच विमानें समुद्रावरील टेहळणीस वापरलीं. तीं १९६८ पर्यंत सेवेंत राहिलीं.

नंतर गंमत झाली. ज्या देशांनीं लिबरेटर हजारोंनीं वापरलीं, त्यांच्यापाशीं संग्रहालयांत ठेवावयास पुरेशीं उरलीं नव्हतीं. तीं त्यांनीं आपल्याकडून घेतलीं. १९६९ सालीं एक अमेरिकेंतील ॲरिझोनास, १९७४ सालीं एक इंग्लंडास असें तीं येथूनच उडत गेलीं. आमच्या कारागिरांनीं भंगारांतून उठविलेलें विमान आज लंडनच्या संग्रहालयांत उभें आहे; आणि आम्हांस डाकोटा कॉव्हेंट्रीहून आणावें लागलें.

१९६४ सालीं ओझरचा कारखाना निघाला तो मिग-२१ साठीं. तें विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगडला सेवेंतून निवृत्त झालें. त्यांपैकीं कांहीं आतां चौथऱ्यांवर चढतील. गांवोगांवीं तोफा ठेवितात तशीं. एखादें तरी उडतें राखावें, असें मला वाटतें. तें ज्यांनीं जोडलें त्यांच्यापैकीं कित्येक निवृत्त गृहस्थ ओझर-नाशिकच्या परिसरांत राहतात, संध्याकाळीं फिरावयास जातात, आणि कोणता नट किती आवळावयाचा हें त्यांना अजून तोंडपाठ आहे.